बारमाही

गुरुदास कधी येणार ते कंपनी ठरवते.
एकदा ऑगस्टात आला, एकदा ऐन थंडीत,
एकदा चवथ होऊन माटोळीच्या सुपाऱ्या सुकल्यावर.
तेव्हा अंगणात जे काही असायचं
ते नुकतंच फुलून गेलेलं,
नाहीतर अजून कळीसुद्धा न धरलेलं.
मोगरा त्यानं अकरा वर्षांत पाहिला नाही.
पारिजात पाहिला तो नुसत्या पानांचा, खरखरीत,
भांडी घासायच्या लायकीचा.

यंदा म्हटलं, पुरे.
यंदा अंगणात तीच झाडं
जी महिना विचारत नाहीत.

माशेलच्या तिठ्यापलीकडे बोस्त्यांवची नर्सरी:
हिरवी जाळी, शेणखताच्या गोणी, एक लंगडं कुत्रं.
मी वहीत लिहून नेलं होतं:
ऊन चारपर्यंत. माती तांबडी, हातभर खाली चिरा.
मे महिन्यात नळ दिवसाआड.
त्यानं वही वाचली, डॉक्टर रिपोर्ट वाचतो तशी,
आणि विचारलं, "बाय, तुका फुलां जाय काय झाड जाय?"
फुलं, मी म्हटलं. सगळे महिने.

कण्हेर नको, लोचनबायचं वासरू कुंपण जुमानत नाही.
बोगनवेल नको. ती फुलं नव्हेतच,
रंगवलेली पानं,
आणि काटे मात्र खरे.
संकरित जास्वंद बशीएवढी फुलते,
पण पावसाळा सरला की पिठ्या ढेकणांनी पांढरी होते.
गावठी घे, म्हणाला, पाच पाकळ्यांची लाल.
तिचं आजचं फूल आज संपतं, उद्याचं उद्या.
पिटकुळी घे; गुच्छ वाळला की दोन पानं खाली छाट,
नाहीतर रुसते.
भिंतीला निळा चित्रक.
अबोली घे आठ, मुळाशी पाणी साचू देऊ नकोस;
तोडल्यावरही तीन दिवस
तिला कोमेजायचं सुचत नाही.

मी एकेक रोप नाकाशी नेत होते.
सवय.
बोस्त्यांव हसला.
"वास सोदूं नाका. बारा म्हयने फुलता, ताका वास ना."
मग कुंडी टेकवून, हात पुसत, समजावून म्हणाला,
वास म्हणजे हाक, बाय. मधमाशीला घाईघाईनं मारलेली.
ज्याच्याकडे दिवस थोडे
तोच ओरडतो.

गुरुदासची सुट्टी बासष्ट दिवसांची.
पहिला आठवडा घरभर हातोडी वाजते,
चांगले नळ तो बदलतो,
बॅग उघडली की जहाजाच्या लाँड्रीतला साबण
माजघरापर्यंत येतो, उशांत शिरतो,
आणि तो परत गेल्यावर
नेमका कुठल्या दिवशी जातो
ते मला अजून पकडता आलेलं नाही.

सामान रिक्षात चढवलं.
पैसे मोजून झाल्यावर बोस्त्यांव आत गेला
आणि मळक्या पिशवीतलं एक रोप घेऊन आला,
वीतभर, जाड काळपट पानांचं.
सुरंगी. कोणी नेत नाही.
फुलायला दहा वर्षं, बारासुद्धा,
फुललीच तर मार्चात, दोन-तीन आठवडे.
पण त्या आठवड्यांत, म्हणाला, वाटेनं जाणारा सायकलवरून उतरतो.
किती? विचारलं.
त्यानं हात झटकला.

बारा वर्षांनी गुरुदास सत्तावन्न.
मी त्रेपन्न, गुडघे माझ्या आईचे.

पुढे अबोली लावली, पिटकुळी, जास्वंद.
सुरंगी मागे, विहिरीपल्याड,
न्हाणीचं पाणी जातं तिथे.

रात्री फोनवर त्याला अंगण दाखवलं.
त्याच्या पाठीमागे इस्त्रीच्या चादरींची भिंत.
"मी येईन तेव्हा असतील ना ही?"
असतील. कधीही ये.
फोन फिरवताना विहीर दिसली असावी.
"ते मागे काय गं? भिरंड?"
तसंच काहीतरी, म्हटलं,
आणि जेवलास का, ते विचारलं.