हात वर करण्याआधी

ग्रामसभेला नऊ दिवस होते.
पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं:
तंटामुक्तीचे अध्यक्ष उत्तम धुडकू सैंदाणे,
आहेत तेच ठेवायचे की बदलायचे.
खाली कुणीतरी बैलाचं तोंड काढलेलं.

मी बोरीकाठच्या या गावात
सतरा वर्षं पिठाची गिरणी चालवते.
उत्तमभाऊंचं दळण दर सोमवारी येतं,
दादर आठ किलो, बारीक.
एवढंच मला त्यांच्याविषयी माहीत.
मागच्या साली मी हात वर केला
कारण कोकिळाबाईने केला होता,
आणि कोकिळाबाईने, नंतर कळलं,
माझा पाहून.

म्हणून यंदा ग्रामसेवकाकडे रजिस्टर मागितलं.
तो म्हणाला, बाई, तुम्हाला कशाला?
म्हटलं, वाचते. सातवी झालीये माझी.
त्याने खुर्ची दिली नाही, रजिस्टर दिलं.

तेहेतीस तंटे. तेहेतीस वेळा
एकाच निळ्या शाईत: समेट झाला.
बांधाचा, बोअरच्या पाण्याचा,
शेळीने खाल्लेल्या कपाशीचा,
सुनेचा.
अंगठे, सह्या, चहाच्या कपाचा एक गोल डाग.

समेट झाला म्हणजे नक्की काय झालं
हे रजिस्टरला माहीत नसतं.
ते मी गिरणीवर विचारलं.
गिरणी सुरू असली की माणसं खरं बोलतात,
त्यांना वाटतं, ऐकू जात नाही.
मी सतरा वर्षं ओठ वाचते.

निंबा म्हणाला, बांधाच्या वेळी
दोरीचं एक टोक भाऊंनी स्वतः धरलं,
भर उन्हात, आणि समोरचा त्यांचा सख्खा साडू.
दोन हात जमीन माझ्याकडे आली.
दगडू मिस्तरी म्हणाला,
माझं निम्मंच ऐकलं. चहा आला,
आणि चहानंतर निकाल आला.
वेडूआप्पांनी पिठाचा डबा उचलला, नुसता हात हलवला.
ते हो होतं की नाही, अजून लागलेलं नाही.

सुनेचं नाव रजिस्टरात नव्हतं.
हिरामण पाटलांची सून, एवढंच.
नाव शोधायला दोन दिवस गेले: योगिता.
ती आता पारोळ्याला, स्टँडमागे शिवणकाम करते.
एसटीने गेले, अर्ध्या तिकिटात.
तिने पाणी दिलं. मशीन थांबवलं नाही.

"माले कोनी इचारंच नही व माय.
सासराले इचारं, नवराले इचारं.
मी तठेच बसेल व्हतू, खांबना जोडे."

दोरा संपला तेव्हा म्हणाली,
"मंग मना भांडा त्याच लई उनात, सायकलवर."

भांडी. सायकलवर. पारोळ्यापर्यंत, या वयात.
परतताना खिडकीशी बसून
मी एका पारड्यात खांब ठेवला, दुसऱ्यात सायकल,
आणि काटा काही स्थिर होईना.

सोमवारी भाऊ स्वतः आले. आठ किलो, बारीक.
मी बटण बंद केलं.
त्या शांततेत आम्ही एकमेकांना
पहिल्यांदाच पाहत होतो बहुतेक.
विचारलं, भाऊ, योगिताला का नाही विचारलं?
त्यांनी आधी विचारलं, कोण योगिता?
मग त्यांना आठवलं, ते मला दिसलं.
बराच वेळ जात्याच्या दगडाकडे पाहून म्हणाले,
रजिस्टरात तसा रकाना नव्हता.
आणि निघाले. पिशवी विसरून.
संध्याकाळी मुलाकडून पाठवली मी, दळून.
पैसे घेतले.

ग्रामसभेत पत्र्याखाली एकशे चार माणसं.
सरपंच म्हणाल्या, तेच राहू द्यायचे का? हात वर करा.
उत्तमभाऊ पहिल्या रांगेत, कोऱ्या टोपीत,
मागे वळून पाहत नव्हते.
कोकिळाबाईने माझ्याकडे पाहिलं.
माझा हात मांडीवर होता, नखांत पीठ.

तो वर गेला की नाही ते इथे सांगत नाही.
कोकिळाबाई ऐकते आहे,
आणि पारोळ्याची बस
सकाळी सव्वानऊला मारुतीजवळ थांबते.
तिलाही अर्धंच तिकीट पडतं.