गच्चीवरची फुगडी

सोहार. रात्रीचे साडेदहा, गच्ची अजून तापलेली.
डिश अँटेनांच्या मधे, वाळत घातलेल्या चादरींखाली
हेमांगी म्हणाली, घाल गं एक. उद्या आमचं विमान.

चपला काढल्या. हातांची फुली,
चवड्याला चवडा, मागे झुकलो.
ती पंच्याऐंशी किलो, मी जेमतेम पन्नास,
म्हणून मध्य मधोमध नव्हताच,
तिच्याकडे सरकलेला.
ती जवळजवळ जागच्या जागी, मी लांबून मोठा वळसा.
चार वर्षं हे असंच चाललेलं,
मी कधी हिशेब मांडला नव्हता.

शाळेत शिकवते मी: बाहेर ओढणारं काही नसतं,
देह सरळच जाऊ पाहतो,
हात त्याला क्षणोक्षणी वळवतो.
आज घामाने मनगट निसटू लागलं
तेव्हा बोटांना कळला तो धडा.

कोपर वाकव, ती ओरडली, जवळ ये!
आले. वेग वाढला, न मागता.
पैंजण कुठले, तिच्या खिशात खुळखुळत होत्या
घरमालकाला परत द्यायच्या किल्ल्या.

मग थांबलो. पाण्याच्या टाक्या थांबल्या नाहीत,
ना मिनार, ना रिफायनरीची ज्योत.
कानातलं पाणी थोडा वेळ फिरतच राहतं,
त्याला कुणी सांगितलेलं नसतं
की हात सुटलेत.