वळण

चियातुरात आमचं दुकान रोपवेच्या खालच्या स्टेशनाला लागून.
वरच्या वस्तीचा डबा आला की
काउंटरवरच्या बरण्या किंचित थरथरतात.
मँगनीजच्या धुळीनं नदी काळी, खिडक्यांच्या काचा काळ्या.
उधारीची वही तेवढी मी कव्हर घालून जपलेली.

तेकला सहावीपासून हिशेब लिहिते त्या वहीत.
अक्षर हुबेहूब माझं.
शब्द संपला तरी शेपटी ओढत राहायची खोड
तीही माझीच.
गिऱ्हाइकं म्हणायची, नातेला, पोरीला छान वळण लावलंस.
मी साखर चिमूटभर जास्त घालायचे.

मार्चमध्ये तिनं एका पानाचा फोटो काढला.
लामझिराचं पान :
मैदा दोन किलो. तेल. मेणबत्त्या. पुन्हा मैदा.
केसांचा रंग एक, गडद तपकिरी.
वर्गाच्या ग्रुपवर गेला तो, खाली एक ओळ :
पिठाला पैसे नाहीत, पण राणीला केस रंगवायचेत.
एकोणीस हसरे चेहरे. मी मोजले.

लामझिराचा दाची त्याच वर्गात.
तिसऱ्या दिवशी दुकानात आला,
नाणी काउंटरवर एकेक करून मांडली, ढीग न करता.
म्हणाला, रंगाचे एवढे कापून घ्या.
आजच का रे, मी विचारलं.
त्यानं मोबाइल माझ्याकडे फिरवला
आणि मी वाचेपर्यंत छताकडे बघत राहिला.

रात्री ओतियानं घर डोक्यावर घेतलं.
तिचा फोन पिठाच्या पोत्यात कोपरापर्यंत खुपसला.
कुणाचे गुण घेतलेस तू, म्हणाला,
आमच्यात असं कुणी नाही.
मी गप्प.
मला ती ओळ ओळखीची होती. शब्दन् शब्द.
फेब्रुवारीत, राजम्याचं भांडं पुढे सरकवताना
मीच म्हटलं होतं ते.
ओतिया हसला होता. त्याची आई ठसका लागेपर्यंत हसली होती.
तेकला पाव मोडत होती,
आम्हाला वाटलं, तिचं लक्ष नाही.

कुणाला हसू नये, हे तिला लहानपणी शिकवलंय मी.
ते तिनं ऐकलं असेल.
जेवणावर बोललो ते मात्र गिरवलं.

सकाळी मी वर गेले. डब्यात एकटीच.
खाली दुकानाचं छप्पर दिसलं, गंजलेलं. इतकं, हे माहीत नव्हतं.
लामझिरानं दार उघडलं. भांगात दोन बोटं पांढरं.
कॉफी ठेवली. साखर विचारली नाही, घातलीच.
मी तयार करून नेलेलं वाक्य
कपाच्या कानाशी अडकून राहिलं.
शेवटी तीच म्हणाली :
कुताइसीच्या हॉटेलात खोल्या आवरायचं काम होतं गं,
पांढऱ्या केसांची बाई त्यांना चालत नाही.
चार दिवस ठेवलं त्यांनी.
मग खिडकी लावून घेतली, वारा नव्हता तरी.

घरी येऊन तेकलाला सांगितलं, ते वाक्य माझं होतं.
माहितेय, ती म्हणाली.
पोत्यातून काढलेला फोन पुसत होती,
बटणांच्या फटीतलं पीठ टूथब्रशनं.
पण पाठवलं मी.
एवढंच. रडली नाही. मीही जवळ घेतलं नाही,
का, ते अजून सांगता येत नाही मला.

दाचीशी ती काय बोलली, बोलली का,
मला ठाऊक नाही. तो आता वरच्या दुकानातून सामान नेतो.

मेमध्ये एकदा दुकानात रांग होती.
म्हातारा झाउरी पावाची उधारी सांगत होता, घोगऱ्या आवाजात.
तेकला लिहीत होती,
आणि तिचा डावा पंजा पानावर आडवा,
परीक्षेत उत्तर झाकतात तसा,
मागच्यांना नाव दिसू नये म्हणून.
वही तिनं स्वतःकडे वळवून घेतली होती.

हे मी शिकवलेलं नाही.
मी तर वही उघडीच ठेवायचे, काउंटरच्या मधोमध,
वीस वर्षं.

परवा लिहिताना मी माझा हात तसा ठेवून बघितला.
अवघडतो. मनगट दुखतं.
अक्षर जरा वाकडं येतं.