फॉल्ट

निंबाच्या पोरीचा फोन सुरतेहून, रात्री साडेनऊला:
काका, पान उघडलं, नावं आहेत, तारखा आहेत,
फोटोंच्या जागी नुसते चौकोन,
कोपऱ्यात फाटक्या कागदाचं बारकं चित्र.
मी म्हटलं, असं कसं होईल?
माझ्यासमोर तर सगळे उभे आहेत,
ओंकार तायडे, कुदरत मिस्त्री, लेमॉस साहेबांची टोपी,
मागे केबिन, केबिनमागे भुसावळचं ऊन,
ज्यात फोटोतसुद्धा सगळ्यांचे डोळे बारीक.

बत्तीस वर्षं सिग्नलमध्ये काढली.
दिवा लागत नाही म्हणजे दिवा गेला,
असं पहिल्या आठवड्यातला खलाशी म्हणतो.
आपण टेस्ट लॅम्प घेऊन निघायचं
बॅटरीपासून, एकेक टोक धरत,
अंदाज घरी ठेवून.

बाकीचे फोटो दिसतात का गं, दुसरीकडचे?
दिसतात. साड्या, लाडू, सगळं दिसतं.
म्हणजे तुझी लाइन चालू.
साठलेलं जुनं पुसून टाक, पुन्हा उघड.
चौकोन.
नवऱ्याच्या मोबाइलवर बघ.
चौकोन.
मग फॉल्ट माझ्या बाजूला.

चष्मा बदलला. पानाच्या आतलं लिखाण उघडलं.
तिथे फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो,
आणि प्रत्येक पत्ता सुरू होत होता
माझ्या डी ड्राइव्हपासून,
टेबलाखालच्या त्या डब्यापासून
जो सुनेनं जुन्या टॉवेलनं झाकलाय, धूळ नको म्हणून.
आठ महिने मी गावभर सांगत होतो, या, बघा,
आणि पत्ता देत होतो
आतून कडी लावलेल्या खोलीचा.
मला दिसायचं. मी आतच बसलेलो.

एकेक फोटो वर चढवला, पत्ते सुधारले.
तिच्याकडे कुकर लागला होता.
तिच्या तीन शिट्ट्या झाल्या, माझे सात फोटो.
आला, कुदरतचाचा आला. हा टोपीवाला कोण?
आणि मना बाप कोठे शे, काका?

निंबाचा चौकोन चौकोनच.
पत्ता बरोबर, तरी चौकोन.
मी शोधत होतो, ती म्हणाली,
तोवर सांगा ना, काय शे त्याम्हा?
तिच्याकडे बापाचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा,
त्यात डोळ्यावर शिक्का.

मी सांगत गेलो.
वरचं बटण तुटलेलं, तिथे दोऱ्याची गाठ.
डाव्या हातात हातदिवा, भर दिवसा. का, ते आठवत नाही.
कान मोठे. तुझ्यासारखे, म्हणणार होतो,
तुझे कान मी कधी पाहिलेच नाहीत.
हसत नाहीये. पण नुकताच हसून थांबलाय.

चित्र आलं नाही तर त्या जागी दिसायला
दोन शब्द लिहायची सोय असते.
मी ती सगळीकडे कोरी सोडली होती.

सव्वादहाला सापडलं.
नावाच्या शेपटीला कॅमेऱ्यानं मोठी अक्षरं लावलेली,
मी पत्त्यात लिहिलेली छोटी.
माझा डबा दोन्ही एकच धरतो,
लांबचं यंत्र धरत नाही.
बरोबर आहे त्याचं.
अप आणि डाउन एकच धरून आमचं चाललं असतं का?

नाव सुधारलं. म्हटलं, उघड आता.

बराच वेळ काही नाही. कुकरही नाही.
यार्डात मालगाडीचे डबे धडकत गेले
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
शेवटचा शांत झाला तरी ती बोलेना.
मग म्हणाली,
काका, खांदावर हात कोना शे?
मनगटपावत दिखस. पुढे मानूसच नही.

माझा, म्हटलं.
फाइल जड होत होती,
कडेचं कापलं.