नेलकटर

उपासना संपली की आम्ही सगळे चहाला थांबतो,
पाळकसाहेबांचा उपदेश आज लांबला, वगैरे.
सुवार्तामावशी मात्र तोवर
रास्ता पेठेतून रिक्षा पकडून
ससूनला पोचलेली असते.
नाव सुवार्ता, पण बोलते फार कमी.

पिशवीत शास्त्र आहे, पण ते तळाशी.
वर नेलकटर, कोमट पाण्याचा थर्मास,
जुन्या पातळाचे तुकडे.
ज्यांचं कुणी येत नाही त्यांची नखं ती कापते.
पायांची.
हातांची कुणीही कापेल, म्हणते.

एकदा मला घेऊन गेली.
अठरा नंबरच्या खाटेवर एक हमाल, मार्केट यार्डातला,
नखं पिवळी, शिंपल्यासारखी जाड.
मला मळमळलं. ती म्हणाली,
"श्वास तोंडाने घे, आणि तांब्या नीट धर."

त्याने विचारलं, "किती द्यायचे, बाई?"
"काही नाही."
"मग कुठल्या संस्थेच्या?"
ती करंगळीपाशी अडली होती, चष्मा घसरलेला.
"दुखलं का?" एवढंच.

मी दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसतो.
पाय धुण्याचा तो अध्याय मला पाठ आहे,
शाब्बाथ शाळेत बक्षीस मिळालं होतं त्याचं,
एक कंपासपेटी.

परवा वडिलांचे मोजे काढले.
एकाच घरात राहून सहा महिने
मी ती बोटं पाहिलीच नव्हती.
मावशीला फोन लावला:
नेलकटर कुठून घेतलंस?
"तुळशीबागेतून. मोठं घे.
आणि पाणी आधी
आपल्या मनगटावर बघ."