आधी पाचच मिनिटं

बाल्कनीत अकरा हजारांचे बूट
तोंड फुगवून बसलेत.
त्यांच्या टाचेखाली दीड इंच गादी
आणि माझ्या उजव्या गुडघ्यात
चार वर्षांचं दुखणं.

नवे आणले ते वहीच्या पुठ्ठ्याएवढे जाड.
सासऱ्यांनी एक चिमटीत धरला, उलटा केला,
"हे आतले झाले. वरचे कुठायत?"

डॉक्टर खिंवसरा म्हणाली, आधी पाचच मिनिटं.
टाच आपटायची नाही.
पाऊल पुढं फेकायचं नाही, पोटाखाली पडू दे.
लहान टाका, भराभर टाका,
उन्हाळ्यात गच्चीतले पापड उचलायला जाताना
टाकतो ना, तशी.
पाच मिनिटं, ताई. आठवडाभर.
हो म्हणाले.

मी बँकेत आहे. सव्वीस वर्षं
लोकांना सांगतेय, मुदतीआधी मोडू नका.
तिसऱ्याच दिवशी तळजाईवर
पस्तीस मिनिटं पळाले.

इतकं हलकं वाटत होतं, काय सांगू.
गिरिपुष्पाच्या सावलीतून जाताना
पायांतलं वजन कुणीतरी
परस्पर काढून नेलेलं.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या
पिळून वाळत घातल्यासारख्या.
तिसऱ्या मजल्यावरून मी उलटी उतरले,
कठडा धरून, एकेक पायरी,
शिडीवरून उतरतात तशी.
पहिल्या मजल्यावरच्या गोवंड्यांनी दार उघडं ठेवून
सगळं बघून घेतलं, मग म्हणाले,
"देवानं टाच दिलीये ती काय शोभेला?"

उत्तर नव्हतं.
बारा दिवस घरातच. अनवाणी.
ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत.
एकोणीस वर्षं या घरात स्लिपर घालून वावरले,
कुणी सांगितलं नाही
की फ्रिजसमोरची एक फरशी पोकळ आहे
आणि न्हाणीघराच्या भिंतीलगतची
भर दुपारीसुद्धा गार लागते.
प्लंबरला बोलावलं. त्यानं फोडलं.
मुरत होतं पाणी, खरंच.

मग पुन्हा टेकडी. पाच मिनिटं, घड्याळ लावून.
पुढच्या आठवड्यात सात.
कानात बोंडं घातलेली पोरं धपधप पुढं निघून जायची.
साड्यांवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या सत्तरीतल्या तिघी
चालता चालता मला मागे टाकायच्या,
वर विचारायच्या, "काही झालंय का गं पायाला?"
मी ऐकत राहायचे,
त्यांचं नाही, खालचं.
टाच बोलली की थांबायचं.

कुठल्यातरी गुरुवारी, दिवाळी होऊन गेली होती,
बुटांच्या जाळीत कुसळं अडकायला लागली होती,
ध्यानात आलं की आवाजच येत नाहीये.
वाटेत मुंगूस बसलं होतं.
त्यानं मला पार जवळ येऊ दिलं
आणि मग असं दचकलं
की मीच सॉरी म्हणाले.

गुडघा? आहे की.
विचारलं तर दुखतो म्हणतो.
हल्ली फारसं विचारत नाही.
ते जाड बूटही टाकवत नाहीत अजून.
पैसे गेलेत.

आज सतरा मिनिटं झाली.
पाण्याच्या टाकीनंतर, दुसऱ्या वळणावर,
मुरमातून डोकं वर काढलेला एक खडा
डाव्या अंगठ्याच्या बुडाशी असा लागला
की देवाच्या आधी भलतंच काही तोंडात आलं.

अकरा वाजता काउंटरवर रांग.
पासबुकं छापली, सह्या जुळवल्या,
एका आजोबांना हयातीचा दाखला भरून दिला,
त्यांचा अंगठा शाईत टेकवला, कागदावर टेकवला,
आणि टेबलाखाली, चपलेतून बाहेर काढून ठेवलेल्या पायाला
तो खडा आत्ता कुठं आहे
ते नेमकं माहीत होतं.