शेड नंबर चार

कुडचीपासून अकरा कोस, जतच्या वाटेला,
इथं आधी गाव नव्हतं.
मड्डी होती. खडक, कुसळं, घोरपडीची बिळं
आणि मैलभर घायपात,
कुणी लावलेला नाही, कुणी राखलेला नाही.

कुठल्याशा समुद्रातली कुठलीशी बेटं
शत्रूच्या हाती गेली,
तिथला काथ्या यायचा बंद झाला,
जहाजं बांधायला दोर कमी पडला.
हे आम्हाला फार नंतर कळलं.
तेव्हा एवढंच दिसलं, की एक साहेब मोटारीतून उतरला,
घायपाताचं पान मोडून त्यातला वाख
नखानं ओढत उभा राहिला
आणि विचारलं, हे वळतं कोण?

वळणारे आम्ही.
सात गावांच्या सात कुसांबाहेर
डबक्यात पानं कुजवून, दगडावर बडवून
बैलाला कासरा, मोटेला नाडा, पाळण्याला दोरी,
आणि बदल्यात सुपात वरून टाकलेले जोंधळे.

माझा आजा लखाप्पा आवळे उकिडवा बसला,
अंगठ्यात वाख अडकवून
चार हात दोर वळून दिला.
साहेब तो लिंबाला बांधून स्वतः लोंबकळला.
मग वहीत लिहिलं.

चार शेड उभ्या राहिल्या.
चोवीस बैलांनी इंजिन कुडचीहून ओढलं,
ओढायचा दोर आमचाच.
आणि एक भोंगा आला,
त्यानं आसपासच्या कोंबड्यांचं काम संपवलं.

भोंग्यामागं माणसं आली.
हुसेनसाब नदाफ किटली घेऊन,
बसव्वा रोट्टीची बुट्टी घेऊन,
उगारचा एक न्हावी, त्याच्याकडं एकच कात्री.
कुणी कुणाला जात विचारत नव्हतं असं नाही.
पण नळ एक होता,
दोन भोंग्यांच्या मधे वीस मिनिटं.
तेवढ्यात शिवायचं नाही म्हणायचं, की प्यायचं?
प्याले.
आजाला सगळे उस्ताद म्हणायचे,
पाटलाच्या भावकीतली पोरंसुद्धा.

लढाई संपली.
भोंगा पेंढ्यात गुंडाळून साहेब गेला,
पत्रे कागवाडच्या व्यापाऱ्यानं तोलून नेले.
वाटलं, मड्डी आता परत घोरपडींची.
पण न्हाव्याकडं तोवर दुसरी कात्री झाली होती,
बसव्वाला नातू,
हुसेनसाबनं तर भिंतच घातली.

मग पोस्ट आलं, पोस्टाला नाव पाहिजे.
हग्गदमड्डी म्हणा, कुणी सुचवलं,
कन्नडात हग्ग म्हणजे दोर.
मराठी पोरं हसून लोळली.
कारकुनानं खोडून दोरमड्डी लिहिलं.
पुढं त्या फलकाला दोनदा डांबर लागलं,
ते राहू दे.

सांगायचं ते हे:
गाव झालं, तसं देऊळ झालं.
देवळापाठोपाठ विहीर.
आणि विहिरीवर एके सकाळी कुणीतरी म्हणालं,
उस्ताद, तुम्ही जरा लांब थांबा,
वरून ओततो.

पोहऱ्याचा दोर आजानंच वळलेला.

तो काही बोलला नाही म्हणतात.
घागर उचलून शेड नंबर चारच्या जोत्याकडं गेला.
नळ गंजलेला. फिरवला तर
आधी खोकला, मग टाकीच्या तळचे तांबडे थेंब.
घागर भरायला दुपार झाली.
भोंगा नव्हता, वेळ विचारायला कुणी आलं नाही.

आम्ही तिथंच घर बांधलं.
पत्र लिहिलंत तर गल्लीचं नाव घालू नका,
तिथून पुढं त्यांची गल्ली सुरू होते.
नुसतं लिहा, शेड नंबर चार.
पोस्टमन बरोबर आणतो.